भरलेली फोर-बाय-फोर गाडी ‘पासिंग’च्या वजनात कशी ठेवावी?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये लातूरहून बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नड घाट आणि धुळे या मार्गाने उत्तरेकडे निघून हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यापर्यंत जाण्याचा आमचा बेत आहे. गाडी पाच दारांची मारुती जिम्नी असून प्रवासी चार आहेत : मी, पत्नी, वडील आणि अकरावीत शिकणारा मुलगा. सामानाची यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे तिचे वजन लिहिले, बेरीज केली आणि तिथेच अडखळलो.

गाडीचे रिकामे वजन सुमारे १,२०० किलो आहे आणि एकूण अनुज्ञेय वजन १,५४५ किलो आहे. म्हणजे माणसे व सामान मिळून ३४५ किलोंची मुभा मिळते. आम्हा चौघांचेच वजन २६५ किलो भरते. उरलेल्या ८० किलोंत टपावरचे कॅरिअर ३०, पुढचा पोलादी बंपर ४५, गाडीतला फ्रिज भरल्यावर ३२, पाणी कॅनसह ४२, कपड्यांच्या बॅगा ४०, जॅक, कॉम्प्रेसर, पट्टे व हत्यारे २२, छोटा सिलिंडर आणि भांडी १८, तंबू व अंथरूण-पांघरूण २० असे सगळे बसवायचे आहे. ही बेरीज २४९ होते, गाडी १,७१४ किलोंवर जाते आणि मर्यादा १६९ किलोंनी ओलांडली जाते. ॲक्सेसरीजचे दुकानदार म्हणतात की मागच्या स्प्रिंगा जाड टाकल्या की विषय संपला. तो खरेच संपतो का, हे जाणकारांनी सांगावे. बंपर आणि कॅरिअर अद्याप विकत घेतलेले नाहीत.

बिनधास्त वाटसरू, कळंब

आपण विनाकारण डोक्याला ताप करून घेत आहात, असे मला वाटते. आपल्या भागात काळी-पिवळी जीपच्या टपावर आणि मागच्या फळीवर माणसे बसलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत आणि त्या गाड्या वर्षानुवर्षे घाट चढत आल्या आहेत. खासगी गाडीला बाजूला घेऊन काट्यावर चढवल्याचे मी तरी कधी ऐकलेले नाही. शिवाय टायरवरचा आकडा पाहा. जिम्नीच्या टायरचा भारांक ९६ आहे, म्हणजे एका टायरची क्षमता ७१० किलो आणि चार टायरांची २,८४० किलो. आपली गाडी १,७१४ किलोंची होणार असेल, तर अजून हजार किलोंहून अधिक वाव आहे.

गोदातीर, नांदेड

मोटार वाहन विभागातील नोकरीतून निवृत्त झालो असल्यामुळे कायद्याची बाजू मांडतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ मध्ये दोन वेगवेगळ्या मर्यादा सांगितल्या आहेत, आणि लोक त्यांपैकी एकच लक्षात ठेवतात. भरलेल्या गाडीचे वजन नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनापेक्षा जास्त असता कामा नये, ही सर्वांना ठाऊक असलेली मर्यादा. तिच्या आधी, त्याच पोटकलमात, गाडीचे रिकामे वजनसुद्धा प्रमाणपत्रात लिहिलेल्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त असता कामा नये, असे म्हटले आहे. रिकाम्या वजनाच्या व्याख्येत गाडीबरोबर नेहमी वापरल्या जाणाऱ्या साधनांचे वजन धरले जाते, चालकाचे मात्र धरले जात नाही. याचा अर्थ असा की ४५ किलोंचा बंपर आणि ३० किलोंचे कॅरिअर कायमचे बसवले, तर एकही बॅग न ठेवता, एकही माणूस न बसवता आपली गाडी पहिल्या मर्यादेच्या बाहेर जाऊ शकते.

‘खासगी गाडीचा काटा होत नाही’ या विधानात अर्धे सत्य आहे. कलम ११४ नुसार अधिकारी गाडीला काट्यावर नेण्यास सांगू शकतो, पुढच्या मार्गावर दहा किलोमीटरच्या आत काटा असेल तर. मात्र त्या कलमाची भाषा मालवाहू गाडी व ट्रेलरपुरती आहे. कलम ११३ ची मर्यादा मात्र सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या कोणत्याही मोटार वाहनाला लागू आहे. तपासणी क्वचित होते म्हणून मर्यादा नाहीशी होत नाही. ती पुढे येते ती अपघातानंतर, पंचनाम्याच्या आणि विम्याच्या वेळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये वीस हजार रुपये दंड, जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे आणखी दोन हजार रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च अशी तरतूद आहे. जादा वजन उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, हेही त्याच कलमात आहे. वडील आणि मुलासह परमुलखात रस्त्याच्या कडेला सामान उतरवून ठेवण्याची वेळ आली, तर दंडापेक्षा तोच त्रास मोठा वाटेल.

बंपरबद्दल स्वतंत्रपणे सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुलबार व क्रॅश गार्ड (गाडीपुढे बसवायचे असे पोलादी बंपर) हे गाडीतील बदलांविषयीच्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे कळवले आणि कारवाई करण्यास सांगितले. गाडीच्या मूळ रचनेत उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. म्हणून बंपर विकत घेतला नाही, हे फार चांगले झाले.

स्टेपनी, जालना

माझे गॅरेज आहे आणि औद्योगिक वसाहतीत पोलादाचे ट्रक दिवसभर डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे जास्त भरलेल्या गाडीचे काय होते ते सांगू शकतो.

टायरची बेरीज करून वाव काढण्याची पद्धत चुकीची आहे. एकूण अनुज्ञेय वजन ठरवताना उत्पादक ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, चासी, स्टिअरिंग, स्प्रिंगा आणि टायर यांचा एकत्र विचार करतो आणि त्यांतला जो भाग सर्वांत आधी थकेल त्याच्यावर आकडा येऊन थांबतो. टायर भक्कम आहेत, एवढ्यावरून मधला दुवा भक्कम ठरत नाही. जाड स्प्रिंगांचेही तेच आहे. त्यांनी मागचा भाग बसलेला दिसणार नाही, गाडी डौलदार उभी राहील, पण ब्रेकची चकती तेवढीच राहील आणि आरसीवरचा आकडाही तोच राहील. मला तर वाटते की बसलेला मागचा भाग ही गाडीने दिलेली प्रामाणिक सूचना असते आणि जाड स्प्रिंग टाकून आपण ती सूचनाच बंद करतो.

आपली गाडी १,७१४ किलोंवर गेली, तर ती मर्यादेपेक्षा सुमारे अकरा टक्के जड होते. त्याच वेगावरून थांबताना ब्रेकमध्ये उष्णताही अकरा टक्के जास्त तयार होते. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. कन्नडचा घाट चाळीसगावच्या बाजूला उतरताना, पुढे गाड्या रांगत असताना आणि पाय सतत ब्रेकवर असताना कळते. तिथे गिअर खाली ठेवून इंजिनच्या जोरावर उतरायचे, हे सगळ्यांना माहीत असते. पण गाडी जितकी जड, तितका तो उपाय अपुरा पडतो.

वजन किती आहे, याइतकेच ते कुठे आहे हेही पाहावे लागते. जिम्नीच्या दोन ॲक्सलमधील अंतर २,५९० मिलिमीटर आहे. मागच्या ॲक्सलच्या मागे ६५० मिलिमीटरवर, म्हणजे मागच्या दाराच्या जवळपास, ४० किलो ठेवले, तर मागच्या ॲक्सलवर ४० नव्हे तर सुमारे ५० किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे १० किलो कमी होतात. तिथे स्टेपनी आधीच टांगलेली आहे. पुढचा भाग हलका झाला की स्टिअरिंग सैल लागते आणि खडीवर गाडी वळणाबाहेर सरकू पाहते. म्हणून पाणी आणि हत्यारे मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, तळाशी ठेवावीत. दाराजवळ कपडे आणि पांघरुणे ठेवावीत. टपावर काही ठेवायचेच असेल, तर ते हलके असावे आणि कॅरिअरचे स्वतःचे वजन त्याच हिशेबात धरावे. टपावरचे ५० किलो हे तळातल्या ५० किलोंपेक्षा गाडीला कितीतरी जास्त झुलवतात.

हवेबद्दल एकच सांगतो. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी जास्त दाब दिलेला असेल, तर तोच ठेवा, आणि तो सकाळी टायर थंड असताना तपासा. मराठवाड्यातल्या दुपारी रस्ता तापलेला असतो, दाब आपोआप वाढतो आणि अनेक जण घाबरून हवा सोडतात. मग कमी हवेचा, जास्त वजनाचा टायर समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास वेगात पळतो, त्याच्या कडा सतत दबत राहतात, आत उष्णता साठते आणि तो फुटतो.

बिनधास्त वाटसरू, कळंब

टायरचा मुद्दा मान्य आहे; अशा प्रकारे विचार केला नव्हता. पण विम्याचे काय? माझ्या माहितीत एवढ्या कारणावरून कोणाचा दावा नाकारलेला नाही.

गोदातीर, नांदेड

पूर्ण नाकारला जाईल असे मीही म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहू यांच्या प्रकरणात जी मार्गदर्शक तत्त्वे उद्धृत केली, त्यांत परवानगीपेक्षा जास्त भार असल्यास मान्य होणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंतच दावा द्यावा, असे आहे. दहा लाखांच्या गाडीत पंचवीस टक्के म्हणजे अडीच लाख. त्या पैशांत स्पितीत तंबूऐवजी चांगल्या खोल्या घेऊन राहता येईल. आणि कळंबच्या मित्रांनी काळी-पिवळीचे उदाहरण दिले, त्याबद्दल एवढेच म्हणेन की त्यांपैकी ज्या गाड्या घाट चढू शकल्या नाहीत, त्यांचे पंचनामे आम्ही लिहिले आहेत.

रानवाट, परभणी (सध्या ॲडलेड)

या विषयावर इंटरनेटवर जे व्हिडिओ दिसतात, त्यांतले बरेचसे ऑस्ट्रेलियातले असतात, म्हणून त्यांच्यामागची परिस्थिती सांगणे आवश्यक वाटते. इथे लोक टोयोटाची जी ‘लँड क्रूझर २००’ वाळवंटात नेतात, तिचे रिकामे वजन सुमारे २,७४० किलो आणि अनुज्ञेय वजन ३,३५० किलो आहे. म्हणजे तिलाही मुभा सुमारे ६१० किलोंचीच आहे. पोलादी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र), मोठी इंधनटाकी, टपावरचा तंबू आणि दुसरी बॅटरी बसवली की एवढी अवजड गाडीही चार माणसांसह मर्यादेला टेकते. मागे कॅराव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, जोडली, तर तिच्या दांड्याचा जो भार हुकावर येतो, तोही ओढणाऱ्या गाडीच्याच वजनात मोजला जातो, आणि तो साधारणतः कॅराव्हॅनच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. अडीच टनांच्या कॅराव्हॅनचे अडीचशे किलो असे न दिसता गाडीवर चढून बसतात.

फरक असा की इथे प्रमाणित स्प्रिंग-संच बसवून, अभियंत्याकडून तपासून आणि गाडीवर नव्या वजनाची पट्टी लावून अनुज्ञेय वजन कायदेशीरपणे वाढवून घेता येते. व्हिडिओतला माणूस ‘मी स्प्रिंगा बदलल्या, आता वजन चालते’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मागे ही सगळी कागदपत्रे असतात. आपल्याकडे दुकानात स्प्रिंगा मिळतात, तो नवा आकडा मिळत नाही. त्यामुळे भारतात वजन वाढवण्याचा मार्ग शोधण्यापेक्षा सामान घटवण्याचाच मार्ग शोधावा लागतो.

उंबरठा, अंबाजोगाई

मी दरवर्षी कुटुंबासह गाडीने लांबचा प्रवास करते आणि सामान भरण्याचे काम माझ्याकडे असते. दादा, आपली यादी पाहिली. ती निर्जन प्रदेशात दहा दिवस राहणाऱ्या माणसाची आहे. आपण मात्र जवळजवळ रोज गावात मुक्काम करणार आहात. लातूर ते चंदीगडपर्यंत चाळीस किलोमीटर ढाबा लागत नाही असा टप्पा शोधूनच काढावा लागेल. स्पितीतही काझा, ताबो आणि इतर गावांत घरगुती मुक्कामाची सोय असते. तेव्हा तंबू, सिलिंडर आणि फ्रिज यांतले नेमके काय लागणार आहे?

पाण्याचा विषय मात्र नाजूक आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आलेले ज्या शहराने पाहिले, त्या शहरातल्या माणसाला पाणी कमी घ्या म्हणून सांगणे सोपे नाही, हे मी जाणते. माझ्याकडेही आई निघताना दोन कॅन भरूनच देते. पण वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, आणि ते निघताना भरून संभाजीनगरपर्यंत नेण्यात काही अर्थ नाही, कारण वाटेत सगळीकडे पाण्याचे जार मिळतात. डोंगराळ टप्प्याच्या आदल्या मुक्कामी वीस लिटर भरावेत. मैदानात प्रत्येकाची बाटली आणि जास्तीचे पाच लिटर पुरतात. कडक सुटकेसऐवजी कापडी बॅगा घ्याव्यात, कारण रिकामी सुटकेसच तीन-चार किलोंची असते. दशम्या, चटणी आणि भाजलेले शेंगदाणे यांचे वजन मात्र कमी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते वाटेतच उतरत जाते.

वस्तूंचे वजन अंदाजाने लिहू नका. भाजीवाल्याचा किंवा घरातला डिजिटल काटा घ्या, बॅग हातात धरून उभे राहा आणि आपले वजन वजा करा. माणसांचेही वजन कपडे, चपला आणि खिशातल्या मोबाइलसकट घ्या.

डबल केबिन, हिंगोली

माझी खासगी पासिंगची दुहेरी केबिनची पिकअप आहे. तिला हे सगळे लागू होते का? मागे हौद असल्यामुळे भरपूर सामान मावते.

गोदातीर, नांदेड

तंतोतंत लागू होते, आणि पिकअपमध्ये धोका जास्त आहे, कारण हौदाची जागा किलोंमध्ये मोजलेली नसते. पाच माणसे बसवून हौदावर पोलादी झाकण, खालचे कप्पे आणि पाण्याची टाकी बसवली की आरसीवरील दोन आकड्यांमधला फरक कसा संपतो, ते एकदा मांडून पाहा.

पल्लेदार, लातूर

आमचा आडत बाजारात वजनकाटा आहे. आपण लातूरचेच आहात म्हणून काटा कसा करून घ्यावा ते लिहितो.

साखर कारखान्यावर जाऊ नका. हंगाम नसेल तर काटा बंद असतो आणि हंगामात ऊसगाड्यांच्या रांगेत आपला दिवस जाईल. बाजार समितीजवळ, डाळ मिलजवळ किंवा औद्योगिक वसाहतीत खासगी काटे असतात. सोयाबीनची आवक सुरू होण्याआधी, सकाळी लवकर या. त्या वेळी काटेवाल्याला आपल्याशी बोलायला सवड असते. जाण्यापूर्वी विचारा की काट्याची पायरी किती किलोंची आहे. मोठ्या ट्रकच्या काट्यावर आकडा साधारणतः ५, १० किंवा २० किलोंच्या पायरीने बदलतो. २० च्या पायरीवर आपल्या गाडीचा हिशेब नीट लागणार नाही. ५ किंवा १० ची पायरी शोधावी. वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, तेही पाहावे. काट्याची दरवर्षी फेरपडताळणी करावी लागते आणि त्याबद्दल विचारल्यास कोणीही राग मानण्याचे कारण नाही.

प्रथम गाडी काट्याबाहेर असताना आकडा शून्य दिसतो याची खात्री करा. मग टाकी भरलेली ठेवून, सगळे सामान भरून, चौघे आत बसून पूर्ण गाडी चढवा आणि पावती घ्या. त्यानंतर फक्त पुढची चाके काट्यावर आणि मागची बाहेर, मग मागची चाके काट्यावर आणि पुढची बाहेर, असे दोन आकडे घ्या. या दोघांची बेरीज पहिल्या आकड्याच्या जवळ आली नाही, तर काट्याची चढणी समपातळीत नाही असे समजा. तसे झाल्यास दुसऱ्या काट्यावर जा. गाडी स्थिर उभी करून हँडब्रेक सोडावा, नाहीतर आकडा डोलत राहतो. शेवटी रिकाम्या गाडीचाही एक काटा करून ठेवा, कारण आरसीवरचे रिकामे वजन आणि आपल्या हातातल्या गाडीचे रिकामे वजन यांत मॅट, सीटकव्हर आणि इतर लहानसहान गोष्टींमुळे फरक पडलेला असतो.

मांजराकाठ, लातूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बंपर आणि कॅरिअर रद्द केले. तंबू आणि सिलिंडर घरीच राहणार आहेत. चहापुरती लहान शेगडी आणि दोन भांडी मिळून चार किलो होतात. फ्रिजऐवजी थर्मोकोलचा डबा खाण्यासह ११ किलो, चार कापडी बॅगा २८, हत्यारे व कॉम्प्रेसर १४, चादरी ४, मैदानात पाणी ९ आणि डोंगरात २१ किलो. डोंगरातला आकडा धरून ही बेरीज ८२ होते. माणसांचे २६५ मिळवले की ३४७, म्हणजे कागदावर अजून दोन किलो जास्त.

त्यानंतर एका काट्यावर गाडी नेली. पायरी १० किलोंची होती. पाणी २१ किलो धरून आणि टाकी भरून पूर्ण गाडीचा आकडा १,५५० आला. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आकड्यांची बेरीजही तेवढीच झाली. जॅक गाडीबरोबर मूळचाच आहे, त्यामुळे जास्तीचा जॅक काढून ठेवला. तो सहा किलोंचा होता. आता मर्यादेत बसलो असे समजावे का?

पल्लेदार, लातूर

१० च्या पायरीवर १,५५० म्हणजे खरे वजन १,५४५ ते १,५५५ च्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि काट्याची स्वतःची मान्य चूक त्याशिवाय वेगळी असते. सहा किलो काढून आपण नेमके रेषेवर आला आहात. आकडा १,५३० दिसेपर्यंत आणखी काहीतरी उतरवावे, असा माझा सल्ला आहे.

स्टेपनी, जालना

सहमत आहे. सोपा उपाय सांगतो : डोंगरातल्या टप्प्यात पाणी २० लिटरऐवजी १० लिटर घ्या, आणि हत्यारांच्या पेटीतून आपल्याला वापरता न येणारी हत्यारे काढून टाका. बहुतेकांच्या पेटीत अशी चार-पाच किलो तरी निघतातच.

उंबरठा, अंबाजोगाई

आणि परतीचा हिशेब कोणीच मांडलेला नाही. सप्टेंबरमध्ये किन्नौर-स्पितीत सफरचंदाचा हंगाम असतो, आणि एक भरलेली पेटी सुमारे वीस किलोंची असते. वहिनींना आधीच विचारून ठेवा.

मांजराकाठ, लातूर

विचारले. दोन पेट्या ठरल्या आहेत. त्या ट्रान्सपोर्टने लातूरला पाठवायच्या, असे घरात एकमताने मंजूर झाले असून पाणी १० लिटर आणि हत्यारे ९ किलो या नव्या यादीने उद्या सकाळी पुन्हा काटा करून पावती इथे टाकतो.